अस्थिमज्जेचा अहवाल आणि आयुष्याची मुदत

अस्थिमज्जेच्या विकाराने आजारी असलेल्या माणसाच्या घरी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतून जनुकीय तपासणीचा अहवाल येऊन पोहोचतो, तेव्हा त्या दोन-तीन पानांवरील आद्याक्षरे आणि आकडे यांपैकी फारच थोडे घरच्यांना उलगडते. तरीही तो कागद पुढे करून ते डॉक्टरांना जे दोन प्रश्न विचारतात ते कोल्हापूर शहरात काय, गडहिंग्लज-आजऱ्याकडे काय, किंवा निपाणी-चिकोडीहून आलेल्या कुटुंबात काय, सर्वत्र सारखेच असतात. पहिला प्रश्न, ‘किती दिवस आहेत?’ आणि दुसरा, बहुधा पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून दबल्या आवाजात विचारलेला, ‘हे पोराबाळांत उतरणार का?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरे देण्याइतके ज्ञान आज वैद्यकाच्या हाती आले आहे. परंतु ते उत्तर ज्या रीतीने ऐकले जाते त्यात फार मोठा अनर्थ होतो. अहवालातील एखाद्या जनुकाचे नाव वाईट निघाले की घरचे लोक त्याला मृत्यूचे फर्मान समजतात, उपचार अर्ध्यावर सोडतात, किंवा मुलीच्या सोयरिकीवर त्याची छाया पडू नये म्हणून आजारच दडवून ठेवतात. ज्या कागदाच्या आधारे इलाजाची दिशा मुक्रर व्हावयाची, त्याच कागदाने इलाज थांबावा, ही गोष्ट माझ्या मते आजाराइतकीच दुःखद आहे. आणि म्हणूनच या विषयाचा तपशिलाने खुलासा करणे अगत्याचे वाटते.

प्रौढ माणसाच्या कमरेचे हाड, छातीचे हाड, मणके आणि बरगड्या यांच्या पोकळीत जो मऊ, लालसर गर असतो तीच अस्थिमज्जा, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘बोन मॅरो’. दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी येथे तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्त गोठविणारी प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी कित्येकींचे आयुष्य तर त्याहूनही अल्प. त्यामुळे हा कारखाना एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. या सर्व पेशींची जननी असलेल्या मूलपेशी मात्र थोड्या असतात; प्रौढ माणसात कामावर असलेल्या मूलपेशींची संख्या पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत असावी, असा अलीकडचा अंदाज आहे. यांपैकी प्रत्येक मूलपेशी विभागताना आपल्या जनुकीय संहितेची, म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या दोन संचांची, संपूर्ण नक्कल उतरवून काढते, आणि एवढ्या प्रचंड नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. या चुकीलाच शास्त्रीय परिभाषेत उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु एखादी चूक अशा ठिकाणी घडते की त्या पेशीला इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढण्याची किंवा अधिक काळ तगून राहण्याची सवलत मिळते, आणि वर्षानुवर्षांच्या अवकाशात तिचीच संतती मज्जेत बहुसंख्य होते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांतून असे आढळले की सत्तरीच्या पुढील दर दहा माणसांत सुमारे एकाच्या रक्तात अशी एका चुकलेल्या मूलपेशीची वाढलेली संतती सापडते, आणि तरीही त्यांतील बहुसंख्य माणसे रक्ताच्या कर्करोगाने कधीच आजारी पडत नाहीत. म्हणजे उत्परिवर्तन सापडणे आणि रोग असणे या एकच गोष्टी नव्हेत. रोग जडतो तो बहुधा एकामागून एक अशी अनेक उत्परिवर्तने एकाच वंशावळीत साठत गेल्यावर; आणि मग मज्जेच्या वागणुकीप्रमाणे त्याला निरनिराळी नावे मिळतात. मज्जा भरलेली, पण तिच्यातून निघणाऱ्या पेशी सदोष आणि अपुऱ्या, असे झाले की मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम; पेशी नको तितक्या बनू लागल्या की मायलोप्रोलिफरेटिव्ह विकार; अपक्व पेशींनी मज्जा व्यापून टाकली की तीव्र ल्युकेमिया; आणि मज्जा ओस पडून तिच्या जागी चरबी भरली की अप्लास्टिक ॲनिमिया. ऊसतोड झाल्यावर फड मोकळा दिसतो, पण जमिनीत राहिलेल्या खोडांतून पुन्हा कोंब फुटून खोडवा उभा राहतो, हे आपल्या पंचगंगाकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. औषधाने रक्तातील दूषित पेशी छाटल्या गेल्या, तरी उत्परिवर्तित मूलपेशी मज्जेत शिल्लक असेल तर रोग का उलटतो, याचे मर्म त्यात आहे.

तपासणीचा नमुना कसा घेतात, याविषयी आपल्याकडे विनाकारण फार भीती आहे. ‘पाठीतले पाणी काढतात आणि माणूस कायमचा पांगळा होतो,’ हे वाक्य थोरल्या दवाखान्याच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, आवारात आजही कानी पडते. वस्तुतः मज्जेच्या तपासणीचा पाठीच्या कण्यातील पाण्याशी काही संबंध नाही. रुग्णाला कुशीवर निजवून कमरेच्या मागील बाजूस हाताला लागणारा हाडाचा उंचवटा चाचपतात, तेथे बधिरतेचे इंजेक्शन देतात, आणि जाड सुई हाडात फिरवीत नेऊन सिरिंजने मज्जा ओढतात. त्या ओढण्याच्या क्षणी मांडीपर्यंत एक विचित्र कळ जाते, ती काही सेकंदांची. पहिले थेंब काचपट्टीवर पसरले की त्यांत रव्याच्या कणांएवढे मज्जेचे कण दिसतात की नाही, हे तंत्रज्ञ तेथल्या तेथे पट्टी तिरपी धरून पाहतो. कण नसतील तर नुसते रक्तच आले असे समजावे. मग एक नमुना हिरव्या बुचाच्या नळीत जातो आणि एक जांभळ्या बुचाच्या. हिरव्या नळीतील पेशी जिवंत राहाव्या लागतात, कारण प्रयोगशाळेत त्यांना विभागण्यास लावून, साधारणतः वीस पेशींची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मांडून तपासावयाची असतात. जांभळ्या नळीतील नमुन्यातून डीएनए काढून जनुकांची अक्षरे वाचतात. कोल्हापुरात शुक्रवारी सायंकाळी घेतलेला आणि कुरिअरच्या कचेरीत रविवारभर पडून राहिलेला हिरवा नमुना सोमवारी मुंबईस पोहोचेपर्यंत निरुपयोगी ठरू शकतो, आणि मग रुग्णाला तीच कळ पुन्हा सोसावी लागते. सबब नमुना कोणत्या वारी घ्यावयाचा, हे आधी विचारून ठरविणे रुग्णाच्या हिताचे असते.

परंतु जनुके वाचण्यापूर्वी एक साधी खातरजमा व्हावयास हवी, आणि तिचा इतिहास आपल्याच मुंबईत घडला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करण्यास आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मात्र फुगत, आणि कित्येक स्त्रिया त्यातच दगावत. हा रोग निकृष्ट आहारातून येतो असे विल्स यांनी ताडले, आणि मार्माइट या यीस्टपासून बनविलेल्या स्वस्त अर्काने तो बरा होतो हे दाखवून १९३१ साली ते जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आणि फोलिक ॲसिडच्याच रचनेत बदल करून यल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने जी विरोधी द्रव्ये बनविली, त्यांनी १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांच्या हातून बालकांच्या ल्युकेमियाला प्रथमच, तात्पुरती का होईना, माघार घ्यावयास लावली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. फोलिक ॲसिड किंवा बी-१२ जीवनसत्त्व यांच्या अभावाने आजारी झालेली मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसारखीच विद्रूप दिसू शकते; तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही पेशी उतरतात; आणि आपल्या देशात तिन्ही पेशी एकदम उतरण्याच्या कारणांत या अभावाचे स्थान फार वरचे आहे. शाकाहारी घरांत, दूधदुभते कमी मिळणाऱ्या वृद्धांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो विशेष आढळतो. काही रुपयांच्या इंजेक्शनांनी जो आजार काही आठवड्यांत सुधारतो, त्यासाठी घरचे दागिने गहाण टाकून हजारो रुपयांची जनुकीय तपासणी करणे, आणि तिचा निकाल येईपर्यंत ‘रक्ताचा कॅन्सर’ हा शब्द उराशी घेऊन बसणे, हे टाळता येण्यासारखे आहे. बी-१२ आधी, जनुके नंतर, हा क्रम कोणत्याही रुग्णाने आपल्या डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

आता ‘किती दिवस आहेत?’ या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या रुग्णाचे भवितव्य वर्तविण्यासाठी १९९७ साली एक आंतरराष्ट्रीय गुणपद्धती निघाली. मज्जेतील अपक्व पेशींचे प्रमाण, गुणसूत्रांतील बिघाड आणि रक्तातील पेशींची उणीव या तीन गोष्टींवर ती उभी होती. २०१२ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. आणि २०२२ साली २,९५७ रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास करून तिच्यात ३१ जनुकांची भर घालण्यात आली, जिला आज डॉक्टर ‘आयपीएसएस-एम’ म्हणतात. ती रुग्णांची सहा गटांत वाटणी करते. सर्वांत सौम्य गटातील निम्मे रुग्ण सुमारे साडेदहा वर्षांनंतरही हयात होते. सर्वांत तीव्र गटात ही मुदत सुमारे एका वर्षाची. जनुकांपैकी एसएफ३बी१ याचे उत्परिवर्तन बहुधा सौम्य प्रकृतीचे लक्षण असते. अशा रुग्णांच्या मज्जेत केंद्राभोवती लोहकणांचे कडे असलेल्या पेशी दिसतात, आणि पुष्कळजण अधूनमधून रक्त चढवून घेत दीर्घकाळ संसार करतात. पाचव्या गुणसूत्राचा केवळ एक तुकडा गळालेला असेल तर तोही तुलनेने बरा कौल, आणि त्यावर लेनालिडोमाइड नावाच्या गोळीचा विशेष गुण येतो. याउलट एएसएक्सएल१, रनएक्स१, ईझेडएच२ ही नावे काळजी वाढवितात. आणि टीपी५३ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर रोग फार दांडगा समजावा. दोन्ही प्रती हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. २०२० साली असे सिद्ध झाले की टीपी५३ची एकच प्रत बिघडलेल्या रुग्णांची वाटचाल ती मुळीच न बिघडलेल्या रुग्णांसारखीच असते. अहवालात नुसते टीपी५३ हे नाव वाचून हातपाय गाळून बसलेल्या कुटुंबाला हा एक तपशील समजला असता तर किती रात्रींची झोप वाचली असती!

अहवालात जनुकाच्या नावापुढे एक टक्केवारी छापलेली असते, तीही पुष्कळ घोटाळा करते. समजा, एसएफ३बी१ या नावापुढे ३८ टक्के असा आकडा आहे. त्याचा अर्थ रोग ३८ टक्के पसरला असा नाही, आणि जगण्याची शक्यता ३८ टक्के असाही नाही. यंत्राने त्या ठिकाणची अक्षरे जितक्या वेळा वाचली, त्यांतील शंभरांत ३८ वेळा चुकलेले अक्षर सापडले, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रत्येक पेशीत त्या जनुकाच्या दोन प्रती असून त्यांतील बहुधा एकच चुकलेली असल्याने, नमुन्यातील सुमारे तीन-चतुर्थांश पेशी त्या एका वंशावळीच्या आहेत, असे त्यावरून अनुमान निघते.

मुदतीच्या आकड्यांबाबत माझे म्हणणे जरा आग्रहाचे आहे. ‘निम्मे रुग्ण एका वर्षात दगावले’ या वाक्यातच ‘निम्मे रुग्ण एक वर्षाहून अधिक जगले’ हे वाक्य दडलेले असते, आणि त्या दुसऱ्या निम्म्यांत काहीजण पुष्कळ पुढे गेलेले असतात. शिवाय ज्या रुग्णांच्या नोंदींवरून हे आकडे निघाले ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतील, आणि त्यांतील अर्धेअधिक सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या मृत्यूंत हृदयविकार आणि वार्धक्यातील इतर व्याधी यांचाही वाटा आहे. भारतातील केंद्रांच्या नोंदींत या रोगाचे रुग्ण पुष्कळ तरुण, साधारणतः पन्नाशीच्या घरातले, आढळतात. करवीर तालुक्यातील पन्नास वर्षांच्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कच्या पंचाहत्तर वर्षांच्या निवृत्त गृहस्थाचा आकडा जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. एकीकडे त्याचे शरीर कडक उपचार सोसण्यास अधिक समर्थ, आणि दुसरीकडे रक्ताची पिशवी व जंतुसंसर्गावरील औषध वेळेवर मिळण्याची त्याची शाश्वती कमी. जनुकाचा कौल हा या साऱ्या हिशेबातील एक रकाना आहे. उरलेले रकाने वय, इतर आजार, घरापासून रुग्णालयाचे अंतर आणि खर्चाची तरतूद यांनी भरतात, आणि त्यांतील काही तरी माणसाच्या हातचे असतात.

भवितव्याचा हा कौल औषधाबरोबर कसा पालटतो, याची दोन उदाहरणे या शास्त्रात इतकी ठळक आहेत की ती प्रत्येक निराश कुटुंबाला सांगितली पाहिजेत. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. ते लहान का, याचा उलगडा १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रोली यांनी केला. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावीत बसत. आणि तसे करताना त्यांच्या ध्यानात आले की बाविसाव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा नवव्या गुणसूत्राच्या टोकास जाऊन चिकटला आहे. या अदलाबदलीतून एक जोडजनुक जन्मास येते आणि त्याच्या हुकमाने पांढऱ्या पेशी अखंड वाढत राहतात. त्या हुकमालाच अटकाव करणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्या रोगात पूर्वी निदानानंतर काही वर्षांतच बहुतेक रुग्ण दगावत, त्याच रोगाच्या, रोज एक गोळी घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे मूळ चाचणीच्या दीर्घ पाठपुराव्यात दिसून आले. जनुक तेच, बिघाड तोच. त्याचे नाव पूर्वी निरोपाचे चिन्ह होते, ते आता औषधाची हमी ठरले.

या गोळीच्या किमतीचा झगडा आपल्या देशात लढला गेला, हेही विसरता कामा नये. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च त्या वेळी लाख-सव्वा लाखाच्या घरात होता, तर देशी कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजारांच्या आसपास. मूळ कंपनीने केलेल्या एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, मागणीला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीची मागणी फेटाळली. त्या निकालाचे मोल कळावयाचे असेल तर सकाळी जेवून एक गोळी घेऊन कामावर जाणारा एखादा ल्युकेमियाचा रुग्ण पाहावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा असलेला तो माणूस आजारी आहे, हे शेजारच्याला कळतही नाही.

दुसरे उदाहरण तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीने होणारा हा रोग एकेकाळी सर्व ल्युकेमियांत सर्वाधिक उतावळा मानला जाई. मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांतच जात. चीनमधील हार्बिन येथील वैद्यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यावर सोमलापासून बनविलेले इंजेक्शन वापरले; शांघायच्या डॉक्टरांनी पुढे अ-जीवनसत्त्वापासून काढलेल्या आम्लाचा गुण दाखविला; आणि आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ सोमलाच्या या औषधाने उपचार करून, थोड्या खर्चात रोग समूळ जातो हे सिद्ध केले. आज या रोगाचे पहिले काही आठवडे जो रुग्ण पार करतो तो बहुधा कायमचा बरा होतो. मात्र ते आठवडे पार करण्यासाठी संशय येताच, गुणसूत्रांचा अहवाल हाती येण्याची वाट न पाहता, उपचार सुरू व्हावे लागतात. अंगावर अकारण काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त आणि चार-सहा दिवसांत खालावलेली प्रकृती, असे दिसले तर एक रात्रही घरी काढू नये.

जॅक-२ या जनुकाचा उल्लेख ओझरता करून पुढे जातो. २००५ साली त्याच्यातील ६१७व्या स्थानाचे उत्परिवर्तन उजेडात आले. रक्त प्रमाणाबाहेर दाट होण्याच्या पॉलिसायथेमिया व्हेरा या विकारात ते शंभरांत पंचाण्णव रुग्णांत सापडते. ठराविक मुदतीने रक्त काढणे, ॲस्पिरिनची छोटी मात्रा आणि आवश्यक तर हायड्रॉक्सियुरिया, एवढ्या उपचारावर अशी पुष्कळ माणसे दशकानुदशके नांदतात.

‘पोराबाळांत उतरणार का?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुसंख्य रुग्णांसाठी निःसंदिग्धपणे ‘नाही’ असेच आहे. वर सांगितलेली उत्परिवर्तने बहुधा जन्मानंतर, त्या एका माणसाच्या मज्जेतील एका पेशीत घडलेली असतात. ती बीजात नसतात, सबब संततीत जात नाहीत. वडिलांच्या मज्जेतील टीपी५३च्या बिघाडावरून मुलीचे ठरलेले लग्न मोडण्यास शास्त्राचा काडीमात्र आधार नाही, आणि असे लग्न मोडणाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत ऐकविण्याचे धैर्य नातलगांनी दाखविले पाहिजे.

याला अपवाद आहेत, आणि त्यांतील एक आपल्या भागाला जवळचा आहे. स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ गिडो फँकोनी यांनी १९२७ साली तीन भावांत वर्णिलेला फँकोनी ॲनिमिया हा आनुवंशिक आजार आहे; आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही सदोष प्रती मिळाल्या तरच तो बहुधा प्रकट होतो. अंगठ्यातील व्यंग, खुरटी उंची, अंगावरील तपकिरी डाग, आणि मग पाच-दहा वर्षांच्या वयात ओस पडत जाणारी मज्जा, असे त्याचे रूप असते. आईवडील एका रक्ताचे असले की दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. दक्षिण महाराष्ट्रातील मामे-आते भावंडांच्या विवाहांची चाल इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात सविस्तर नोंदविली आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही भाषा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात अजून नामशेष झालेली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेने फँकोनी ॲनिमियावर दीर्घकाळ काम केले असून, एफएएनसीएल या जनुकातील एक विशिष्ट बिघाड भारतीय उपखंडात एका सामाईक पूर्वजापासून चालत आलेला असल्याचे, तिच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून निष्पन्न झाले आहे. अशा घरात निदान लवकर होणे दोन कारणांनी निकडीचे असते. एक तर या मुलांना कर्करोगावरील औषधांची नेहमीची मात्रा सोसत नाही; आणि दुसरे, रोपणासाठी मज्जा देण्यास पुढे आलेला निरोगी दिसणारा भाऊ त्याच रोगाचा असू शकतो, म्हणून देण्यापूर्वी त्याचीही तपासणी अनिवार्य ठरते.

उत्परिवर्तनाला बाहेरून हातभार लावणाऱ्या गोष्टींत बेंझीनचे नाव पहिले घ्यावे लागते, आणि कोल्हापूरसारख्या चर्मकारांच्या गावाने तर ते नीट जाणून घेतले पाहिजे. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७०च्या सुमारास बुटांच्या छोट्या, कोंदट कारखान्यांतील कामगारांत ओस पडलेली मज्जा आणि ल्युकेमिया यांचे रुग्ण एकापाठोपाठ एक पाहिले. कारण होते बेंझीन मिसळलेला चिकट डिंक, ज्याची वाफ कामगार दिवसभर हुंगत. तो डिंक बंद झाल्यावर रुग्णही घटले. कापशीचे अस्सल कोल्हापुरी पायताण बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचे, आणि शिलाई कातडी वादीची. त्याला खिळा नको की रसायन नको. परंतु स्वस्त मालासाठी जेथे सोल्यूशनचा डबा उघडा ठेवून बंद खोलीत काम चालते, तेथे खिडकी उघडी ठेवणे, डब्याला झाकण लावणे आणि बेंझीनरहित सोल्यूशन मागून घेणे, एवढी तजवीज तरी कारागिराने करावी. पेट्रोलमध्येही बेंझीन असते, कायद्याने एक टक्क्याच्या मर्यादेत. गॅरेजमध्ये तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणाऱ्या पोरांना तेथल्या मिस्त्रीने थांबवावे.

कोल्हापूरच्या रुग्णाचा प्रवास पुष्कळदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस जाऊन पोहोचतो. तोंडाला मास्क, पिशवीत फाईल, आणि पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या की शेजारच्या प्रवाशाची साधी सर्दीही भारी पडावी. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन किंवा दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा येथे जागा मिळाली की नातलग अर्धा जिंकला. ज्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत ते उभे राहतात, त्याच्या मुळाशी याच रोगाने ग्रासलेली एक स्त्री आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने निवर्तल्या. पत्नीच्या नावे ल्युकेमियाच्या संशोधनासाठी १९३२ साली दोराबजींनी निधी स्थापला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीने परळला उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर्व संपत्ती हाताशी असून मेहेरबाईंना जो उपचार जगात कोठेच उपलब्ध नव्हता, तो मज्जारोपणाचा उपचार भारतात प्रथम, १९८३ सालच्या मार्चमध्ये, याच रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर केला. मज्जा तिच्या भावाने दिली होती.

अहवालात टीपी५३, एएसएक्सएल१ अशी नावे निघालेल्या कित्येक रुग्णांसाठी रोग समूळ काढण्याची वाट आजही मज्जारोपणातूनच जाते, आणि तेथे अडते ते दात्यावर. सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक. अर्ध्या जुळणीवर आईवडील किंवा मुले यांची मज्जा वापरण्याची पद्धत आता रुळली आहे, तरी घरात कोणीच नसेल तर परक्या दात्याचा शोध घ्यावा लागतो. ही जुळणी वंशपरंपरेने चालत आलेल्या ठेवणीवर अवलंबून असल्यामुळे मराठी रुग्णाला जुळणारा माणूस मराठी समाजातच सापडण्याची शक्यता अधिक, आणि आपल्या समाजातील नोंदलेले दाते फार थोडे आहेत.

कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळे शिवजयंतीला व गणेशोत्सवात रक्तदानाची शिबिरे मोठ्या हौसेने भरवितात. त्यांना माझी विनंती आहे की त्याच मंडपात मूलपेशीदात्यांच्या नोंदणीचे एक टेबल मांडावे. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून देशभर ही नोंदणी करीत आहे. नाव नोंदविण्यासाठी १८ ते ५० या वयाच्या निरोगी माणसाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवितात, एवढेच. पुढे कधी जुळणी निघालीच, तर बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन हाताच्या शिरेतूनच मूलपेशी काढून घेतात. हाड कापावे लागत नाही, आणि दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. मात्र घरच्यांशी बोलून, मनाचा पूर्ण निश्चय करूनच नाव द्यावे. कारण रोपणाच्या आधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी पूर्ण नष्ट केलेली असते, आणि त्यानंतर दात्याने माघार घेतली तर त्या रुग्णाला वाचविणे जवळजवळ अशक्य होते.